शाल, नारळ आणि ट्रॉफी: कार्यकर्त्यांच्या सत्काराची जुनी गोष्ट

5 डिसेंबर, म्हणजे स्वयंसेवक दिन, जवळ आला की ठाण्यातल्या छोट्यामोठ्या संस्थांची धावपळ सुरू होते, हॉल बघा, शाली मोजा, ट्रॉफीवाल्याला नावं पाठवा. मागच्या वर्षी आमच्याकडे कळव्याच्या वस्तीत दर रविवारी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या काकूंच्या ट्रॉफीवर आडनावातला अनुस्वारच उडाला होता. स्टेजवर त्यांनी हसत घेतली, घरी मात्र ती कपाटात उलटी ठेवलीय असं सूनबाईंकडून कळलं. तेव्हापासून डोक्यात होतं की हे सत्काराचं प्रकरण आलं तरी कुठून.

तारखेचं सोपंय. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 17 डिसेंबर 1985 ला ठराव करून 5 डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन ठरवला, पुढे 2001 हे अख्खं वर्ष स्वयंसेवकांचं म्हणून पाळलं. शाल-श्रीफळ मात्र त्याच्या कितीतरी आधीचं, देवळातून, दरबारातून, लग्नातल्या मानपानातून आलेलं. फक्त तो मान असायचा शास्त्रीबुवांना, कीर्तनकाराला, जावयाला. सतरंज्या उचलणाऱ्याला कोण नारळ देतंय?

आणि सतरंज्या उचलणारे तर तेव्हाही होतेच की. 1893 ला सार्वजनिक गणपती सुरू झाले आणि त्याच वर्षी 1 जूनला आपल्या ठाण्यात वि. ल. भाव्यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं, असली कामं लोकांनी नोकरीधंदा सांभाळून फावल्या वेळात केलेली. मग गोखल्यांचा भारत सेवक समाज 1905 चा, ना. म. जोशींची सोशल सर्व्हिस लीग 1911 ची, डॉ. हर्डीकरांचं हिंदुस्तानी सेवा दल 1923 चं, राष्ट्र सेवा दल 1941 चं. यातल्या कित्येकांच्या वाट्याला शालीऐवजी तुरुंग आला. सरकारने त्यांची जाहीर दखल घेतली ती स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, 1972 ला, ताम्रपट आणि पेन्शन देऊन. ते ताम्रपट जुन्या घरांत अजून भिंतीवर दिसतात, आणि त्यांच्यावरची धूळ घरचे रोज पुसतात हे मी स्वतः बघितलंय.

सर्टिफिकेटची सवय लावली ती एनएसएसने, म्हणजे कॉलेजातल्या मुलांच्या राष्ट्रीय सेवा योजनेने, असं माझं मत. 24 सप्टेंबर 1969 ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठं आणि 40 हजार मुलं घेऊन ही योजना सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास, सात दिवसांचा कॅम्प, मग सर्टिफिकेट. म्हणजे सेवा तासांत मोजायला लागलो आपण. वाईट नाही ते, निदान कोणी किती केलं याची नोंद तरी राहते. 1993-94 पासून एनएसएसचे राष्ट्रीय पुरस्कारही आले.

ठाण्यात 1982 ला महापालिका झाली, आणि 1 ऑक्टोबरच्या वर्धापनदिनाला ठाणे भूषण, ठाणे गौरव असे पुरस्कार द्यायची पद्धत पडली. मग काय, वॉर्डावॉर्डात, सोसायटीत, मंडळात सगळीकडे सत्कार. प्रमुख पाहुणे तासभर लेट, सत्कारमूर्तींना बोलायला दोन मिनिटं, आणि एकच शाल चार कार्यक्रम फिरून परत आपल्याच घरी आलेली पण बघितलीये.

हे सगळं मोठं होत गेलं की काय होतं ते 16 एप्रिल 2023 ला खारघरला दिसलं. महाराष्ट्र भूषणचा सोहळा, अप्पासाहेब धर्माधिकारींचा सन्मान, लाखो श्रीसदस्य, म्हणजे त्यांचे अनुयायी, भर दुपारच्या उन्हात मैदानावर बसलेले. उष्माघाताने 14 जण गेले. वृक्षारोपण, स्वच्छता अशी कामं वर्षानुवर्षं फुकट करणारी ही माणसं, त्यांच्याच कामाच्या कौतुकाला आलेली. मी त्या दिवसानंतर एकाही कार्यक्रमाची वेळ दुपारची ठेवू दिली नाही.

यंदा आम्ही नावं ज्याची त्याच्याकडूनच हाताने लिहून घेतोय. काकूंकडे दुरुस्त ट्रॉफी घेऊन गेलो तर म्हणाल्या, ठेवा तिथे टीव्हीवर, आणि पुढच्या रविवारी माझं डोळ्याचं ऑपरेशन आहे, वर्गावर कोण येतंय ते आधी सांगा.