हाडांतले कॅल्शियम आणि पाण्याचे यंत्र : अंतराळ स्थानकाची देखभाल

जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर हे दोघे अंतराळवीर स्टारलायनर यानातून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघाले, तेव्हा त्यांच्या कपड्यांच्या आणि प्रसाधनाच्या बॅगा यानातून काढून ठेवण्यात आल्या होत्या. उड्डाणाच्या काही दिवस आधी स्थानकातील मूत्रशुद्धी यंत्रणेचा पंप बंद पडला होता आणि सुमारे ७० किलो वजनाचा बदली पंप तातडीने वर पाठवणे आवश्यक झाले होते. तो पोहोचेपर्यंत स्थानकावरील माणसांचे मूत्र पिशव्यांमध्ये साठवावे लागत होते, आणि त्यासाठीची जागा मर्यादित होती. कपड्यांसाठी स्थानकावर राखीव साठा असतो. पंपासाठी तसा पर्याय नव्हता, म्हणून बॅगा मागे राहिल्या आणि पंप गेला.

अंतराळ स्थानकाविषयी आपण जे वाचतो त्यात प्रयोग आणि विक्रम यांना बरीच जागा मिळते, देखभालीला फारच थोडी. वस्तुतः २ नोव्हेंबर २००० पासून त्या स्थानकावर माणसांची वस्ती अखंड राहिली आहे, ती मुख्यत्वे देखभालीच्या बळावर. पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, ताशी जवळपास २८,००० किलोमीटर वेगाने फिरणारी ही ४२० टन वजनाची रचना दुरुस्तीसाठी कधीही खाली आणता येत नाही. तिच्यातील प्रत्येक पंखा, झडप, गाळणी आणि जोड वर असतानाच तपासावा, साफ करावा किंवा बदलावा लागतो, आणि बहुतेक वेळा हे काम करणारी व्यक्ती मुळात वैमानिक, डॉक्टर किंवा भूगर्भशास्त्रज्ञ असते.

स्थानकावरून दिवसातून सोळा वेळा सूर्योदय दिसतो, त्यामुळे घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालवले जाते. सकाळी सहाच्या सुमारास उठायचे, ह्यूस्टन, हंट्सव्हिल, मॉस्को, म्युनिकजवळचे केंद्र आणि जपानमधील त्सुकुबा या जमिनीवरील नियंत्रण केंद्रांशी बोलून दिवसाची कामे निश्चित करायची, आणि मग संगणकाच्या पडद्यावरील वेळापत्रकानुसार कामाला लागायचे. या वेळापत्रकावर एक लाल रेषा वेळेबरोबर पुढे सरकत असते. आपले काम तिच्या मागे पडले आहे की नाही, हे प्रत्येकाला सतत दिसत राहते. दुरुस्तीची प्रत्येक पायरी लिहून दिलेली असते आणि अवघड टप्प्यांवर जमिनीवरील अभियंते कॅमेऱ्यातून लक्ष ठेवून असतात. तरीही गुरुत्वाचा भास नसल्याने साधी कामेही वेगळी होतात. पाय अडकवून शरीर स्थिर केले नाही, तर पाना फिरवताना बोल्टऐवजी माणूसच फिरू लागतो, आणि काढलेला प्रत्येक स्क्रू पिशवीत घातला किंवा टेपला चिकटवला नाही, तर तो तरंगत दूर निघून जातो.

मला या साऱ्या देखभालीतला सर्वांत बोलका भाग वाटतो तो पाण्याच्या यंत्रणेचा. नोव्हेंबर २००८ मध्ये एन्डेव्हर यानाने ती स्थानकावर नेली. मूत्र आम्ल आणि क्रोमियमच्या संयुगाने स्थिर करून एका फिरत्या पिंपात घेतले जाते आणि कमी दाबाखाली त्याचे ऊर्ध्वपातन केले जाते. पिंप फिरवावे लागते, कारण वजनरहित अवस्थेत द्रव तळाशी आणि वाफ वर अशी विभागणी आपोआप होत नाही. ती केंद्रोत्सारी परिणामाने घडवून आणावी लागते. या पिंपातून मिळालेले पाणी, श्वासातून आणि घामातून हवेत गेलेल्या बाष्पाच्या पाण्यात मिसळते. मग गाळण्या आणि उच्च तापमानाचा उत्प्रेरक कक्ष यांतून जाऊन, जंतू वाढू नयेत म्हणून आयोडीन मिसळल्यावर, ते पिण्यायोग्य होते. मूत्रातील ८५ टक्के पाणी परत मिळावे असा मूळ आराखडा होता.

वर्षभरातच पिंप बंद पडले. आत कॅल्शियम सल्फेटचे कठीण स्फटिक साचले होते. बोअरवेलच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तसाच हा प्रकार होता. जमिनीवरच्या चाचण्यांत मात्र हे घडले नव्हते, आणि त्याचे कारण त्या यंत्रात नसून माणसाच्या शरीरात होते. वजनाचा भार नाहीसा झाला की हाडे झिजू लागतात; पुरेसा व्यायाम न केल्यास नितंबाच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का कमी होऊ शकते. हाडांतून सुटलेले कॅल्शियम रक्तात आणि तेथून मूत्रात येते. त्यामुळे अंतराळवीरांच्या मूत्रात कॅल्शियमचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त होते, आणि मूत्र स्थिर करण्यासाठी वापरलेल्या सल्फ्युरिक आम्लाने त्याला सल्फेट पुरवले. अभियंत्यांनी प्रथम तडजोड केली : द्रव फार घट्ट होऊ नये म्हणून ७० ते ७५ टक्क्यांच्या आसपासच पाणी काढायचे आणि उरलेले सोडून द्यायचे. पुढे सल्फ्युरिकऐवजी फॉस्फोरिक आम्ल वापरात आले, सल्फेटचा तो पुरवठा थांबला आणि यंत्रणा पुन्हा मूळ क्षमतेवर आणता आली. त्यानंतर मागे उरणाऱ्या खारट द्रवातूनही पाणी काढून घेणारे उपकरण जोडले गेले, आणि २०२३ मध्ये एकूण पाण्याच्या ९८ टक्के पुनर्वापराचे उद्दिष्ट साध्य झाल्याचे नासाने जाहीर केले.

या प्रकरणाकडे पाहताना, स्थानक आणि त्यातील माणूस यांना वेगळे मानता येत नाही हे लक्षात येते. रोजचा सुमारे दोन तासांचा व्यायाम हा हाडे आणि स्नायू टिकवण्याचा उपाय आहे, त्या अर्थाने तोही देखभालीचाच भाग. एन्डेव्हरच्या त्याच उड्डाणातून नवे व्यायामयंत्रही वर गेले होते. त्यात वजनांऐवजी निर्वात नळकांड्यांचा रोध वापरला जातो आणि ते विशिष्ट आधारांवर बसवलेले असते, जेणेकरून व्यायामाचे हिसके स्थानकाच्या सांगाड्याला आणि सौरपंखांना पोहोचू नयेत. अर्थात या यंत्राचे दोर झिजतात, तेही ठरावीक काळाने बदलावे लागतात.

हवेचे गणित त्यामानाने सोपे वाटते, पण तेथे क्षणाची उसंत नसते. गरम हवा वर जाण्याची क्रिया वजनरहित अवस्थेत घडत नाही, त्यामुळे पंखे थांबले तर झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्याभोवती त्याच्याच उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. पंखे सतत चालतात, आणि त्यांच्याबरोबर त्वचेचे कण, केस, कापडाचे तंतू गाळण्यांवर येऊन बसतात. दर आठवड्याला, बहुधा शनिवारी, सगळे जण व्हॅक्यूम क्लीनर आणि जंतुनाशक फडकी घेऊन स्वच्छता करतात. एखादी वस्तू हरवली तर पहिला शोध या जाळ्यांवरच घेतला जातो, कारण हातातून सुटलेले सारे हवेच्या प्रवाहाने अखेर तेथेच पोहोचते. कार्बन डायऑक्साइड शोषून घेणाऱ्या यंत्रणेतील झिओलाइट खनिजाची भुकटी होऊन ती झडपांत अडकत असे, आणि तिने अंतराळवीरांच्या अनेक तुकड्यांचे बरेच तास घेतले आहेत.

स्थानकाबाहेरची कामे संख्येने थोडी, पण धोक्याची. ३० ऑगस्ट २०१२ रोजी सुनीता विल्यम्स आणि जपानचे अकिहिको होशिदे सौरऊर्जेचे वितरण करणारी, सुमारे १०० किलोची पेटी बदलण्यासाठी बाहेर गेले. आठ तासांहून अधिक प्रयत्न करूनही नव्या पेटीचा बोल्ट बसेना, कारण त्याच्या खोबणीत धातूचे बारीक कण अडकले होते. पेटी पट्ट्याने बांधून ते आत परतले, आणि स्थानक आठपैकी दोन वीजवाहिन्यांविना राहिले. पुढच्या काही दिवसांत ह्यूस्टनमधील अभियंते आणि स्थानकावरील सहकाऱ्यांनी उपलब्ध वस्तूंतून साधने तयार केली : एका केबलच्या तारांपासून घासणी, आणि दांड्याला जोडलेला, ग्रीस लावलेला दात घासण्याचा ब्रश. ५ सप्टेंबरला दोघांनी खोबणीतील कण वायूच्या झोताने उडवले, खोबणी घासून वंगण लावले आणि बोल्ट आवळला. या दुरुस्तीतला चातुर्याचा भाग नेहमी सांगितला जातो. पण पेटी मुळात दोनच बोल्टांवर काढता-घालता येईल अशी बनवलेली होती, हे मला तितकेच मोलाचे वाटते. जाड हातमोज्यांतील हाताने काढता यावा असा भाग आराखड्याच्या वेळीच तसा ठरवावा लागतो.

काही दोष मात्र एका दुरुस्तीत संपत नाहीत. जुलै २००० मध्ये सोडलेल्या ‘झ्वेझ्दा’ या रशियन विभागाच्या टोकाच्या बोगद्यातून हवा गळत असल्याचे लक्षात आले, तेव्हा २०२० च्या ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये दारे बंद करून एकेका कक्षाचा दाब तपासावा लागला. अखेरीस ऑक्टोबरमध्ये रशियन अंतराळवीर अनातोली इवानिशिन यांनी त्या बोगद्यात चहाची पाने तरंगत सोडली. ती हळूहळू ज्या दिशेला सरकली तेथे बारीक चीर सापडली. ती बुजवली गेली, पण गळती पूर्ण थांबली नाही. एप्रिल २०२४ मध्ये तिचे प्रमाण दिवसाला सुमारे १.७ किलो हवेपर्यंत गेले होते. चिरा सूक्ष्म कंपनांमुळे धातू थकल्याने पडल्या, असे रशियन अभियंत्यांचे मत आहे. नासाच्या मते दाब, धातूतील ताण आणि पर्यावरण अशी अनेक कारणे एकत्र आली असावीत. कारण निश्चित होईपर्यंतचा व्यवहार्य उपाय म्हणजे गरज नसताना त्या बोगद्याचे दार बंद ठेवणे. जून २०२५ मध्ये, नव्याने केलेल्या दुरुस्तीनंतर तेथील दाबाचे वर्तन बदललेले दिसले, तेव्हा त्याचा अर्थ नीट समजेपर्यंत नासाने स्थानकाकडे निघालेली अ‍ॅक्सिअम–४ ही खासगी मोहीम थांबवून धरली. त्यामुळे भारताच्या शुभांशु शुक्ला यांना उड्डाणासाठी २५ जूनपर्यंत वाट पाहावी लागली.