थ्री मिल्स : नावात तीन, जागेवर दोन

पूर्व लंडनमध्ये ब्रॉम्ली-बाय-बो येथे ली नदीच्या काठी उभ्या असलेल्या ‘थ्री मिल्स’ या संकुलाचे नाव ऐकून जाणारा माणूस तिथे तीन गिरण्या शोधू लागतो आणि त्याला दोनच सापडतात. 1086 मध्ये इंग्लंडच्या जमीनमालमत्तेची मोजदाद केलेल्या ‘डूम्सडे’ नोंदवहीत या परिसरात तीनपेक्षा बऱ्याच जास्त गिरण्या होत्या. पुढे जवळच्या मठाच्या ताब्यात असताना आणि त्यानंतरही त्यांची संख्या कमी होत गेली व ‘तीन’ हा आकडा नावात रुजला. त्यातली तिसरी गिरणी पाण्यावर चालणारी नव्हतीच. ती पवनचक्की होती आणि 1840 च्या सुमारास ती पाडण्यात आली. म्हणजे पाणचक्क्यांचे संकुल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जागेच्या नावातला एक हिस्सा वाऱ्याचा आहे. माहितीफलकांवर हे एका ओळीत उरकले जाते, याची खंत वाटते. कारण नदीकाठच्या या सपाट, दलदलीच्या भूमीवर पाणी आणि वारा या दोन्ही शक्ती एकाच आवारात राबत होत्या, हे त्या नावाखेरीज आता कशातूनच कळत नाही.

इमारतींचा आकार ठरवला तो भरती-ओहोटीने. थेम्समधून वर चढणारे भरतीचे पाणी दारे लावून अडवायचे आणि ओहोटी लागली की चाकांवर सोडायचे, अशी ही रीत. दळणाचे तास मोजकेच आणि तेही रोज पुढे सरकणारे. मिळालेल्या थोड्या वेळात भरपूर दळायचे म्हणून ‘हाउस मिल’मध्ये एका ओळीत चार पाणचाके आणि त्यांवर जात्यांच्या बारा जोड्या बसवल्या गेल्या. धान्य वरच्या मजल्यांवर चढवायचे आणि स्वतःच्या वजनाने खालच्या जात्यांत उतरू द्यायचे, म्हणून इमारत उंच झाली.

सध्याची हाउस मिल 1776 ची. दर्शनी भिंतीत बसवलेल्या पाटीवर ते साल आणि तीन आद्याक्षरे आजही वाचता येतात. समोरून पाहणाऱ्याला ती विटांची भक्कम इमारत वाटते, पण विटा तीनच बाजूंना आहेत. खरा सांगाडा आत जाड तुळया आणि खांबांचा, लाकडी आहे. फिरत्या जात्यांचे हादरे लाकूड सोसते, नुसत्या विटांच्या भिंतीला मात्र तडे जातात, हे गिरण्या बांधणाऱ्यांना ठाऊक होते. माझ्या मते या इमारतीचे खरे मोल त्या लाकडात आहे. दोन घरांच्या मधोमध बांधली म्हणून ती ‘हाउस मिल’ झाली.

एवढी मोठी गिरणी भाकरीच्या पिठासाठी उभारली गेली नव्हती. 1727 मध्ये ही जागा मद्यनिर्मितीसाठी घेतली गेली आणि त्यानंतर इथले दळण मुख्यतः मद्याच्या भट्ट्यांसाठी होत राहिले. शेजारची ‘क्लॉक मिल’ 1817 मध्ये नव्याने बांधली गेली. धान्य सुकवण्याच्या तिच्या भट्ट्यांची शंकूसारखी टोपरी लांबूनही उठून दिसतात.

ऑक्टोबर 1940 मध्ये बॉम्बहल्ल्यात गिरणीवाल्याचे घर उद्ध्वस्त झाले, पुढच्या वर्षी हाउस मिल थांबली आणि 1952 मध्ये क्लॉक मिलही. 1970 च्या दशकात हाउस मिल पाडण्याचा विचार झाला, पण ती वाचली आणि आज तिला सर्वोच्च श्रेणीचे संरक्षण आहे. 1990 च्या दशकात घराचा दर्शनी भाग मूळ रूपात पुन्हा उभारला गेला, त्याच्या मागचे बांधकाम मात्र नवे आहे. या निर्णयाला नक्कल म्हणून नावे ठेवणे सोपे आहे. पण त्या घराची जागा मोकळी राहिली असती, तर फरसबंद आवाराची एक कड उघडी पडली असती आणि गिरणी दोन घरांच्या मधोमध का उभी आहे, हे केवळ कागदावर उरले असते.