सामुदायिक महाविद्यालयांतील कृषी उत्पादन शिक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयांत दिले जाणारे पीक व पशुधन उत्पादनाचे व्यावसायिक शिक्षण. साधारणपणे ६० श्रेयांक (क्रेडिट) पूर्ण केल्यावर असोसिएट पदवी, म्हणजे दोन वर्षांची पदवी, मिळते. अल्प मुदतीची प्रमाणपत्रेही असतात.

या शिक्षणाचा उगम दोन प्रकारे सांगितला जातो. इलिनॉयमधील जॉलिएट ज्युनिअर कॉलेज (१९०१) हे आज चालू असलेले सर्वांत जुने सार्वजनिक सामुदायिक महाविद्यालय मानतात. मात्र विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम स्थानिक शाळेतच शिकवावा, या कल्पनेतून ते निघाले. शेती हा त्यामागचा हेतू नव्हता. दुसरे मत १८६२ च्या मॉरिल कायद्याकडे, म्हणजे शेती व यंत्रविद्या शिकवणाऱ्या महाविद्यालयांसाठी राज्यांना संघराज्याची जमीन देणाऱ्या कायद्याकडे, बोट दाखवते. या कायद्यातून उभ्या राहिलेल्या विद्यापीठांनी पुढे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी लघु अभ्यासक्रम काढले. विस्कॉन्सिन विद्यापीठाचा अभ्यासक्रम १८८५ चा आहे. अध्यापनाची रीत पाहता हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, जरी दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयाची चौकट पहिल्या परंपरेची असली तरी.

१९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शेतीशिक्षणाला संघराज्याचा पैसा मिळाला, पण तो महाविद्यालयीन दर्जाखालील शिक्षणापुरता. विद्यार्थ्याने शाळेच्या किंवा अन्य शेतावर वर्षातून किमान सहा महिने देखरेखीखाली काम करावे, अशीही अट होती. दर्जाच्या या अटीमुळे कनिष्ठ महाविद्यालयांचे (ज्युनिअर कॉलेज, म्हणजे तेव्हाची दोन वर्षांची महाविद्यालये) स्थान अवघड झाले. १९६३ च्या व्यावसायिक शिक्षण कायद्याने शालेय शिक्षणानंतरच्या अभ्यासक्रमांना वाट मोकळी केली आणि शेतीपूरक व्यवसायही त्यात आणले. आयोवातील कर्कवुड महाविद्यालय (१९६६) त्यानंतरच्या लाटेतले.

मृदाशास्त्र, पीक उत्पादन, पशुपोषण, यंत्रसामग्री व शेतीचा जमाखर्च हे नेहमीचे विषय. प्रात्यक्षिकांत बारकाव्यांवर भर असतो. माती परीक्षणासाठी शेतात ठिकठिकाणी नळी खुपसून काढलेले नमुने प्लॅस्टिकच्याच बादलीत एकत्र करतात, कारण जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीमुळे जस्ताचे प्रमाण फुगते. कापणी-मळणी यंत्रावरील उत्पन्नमापकाचा (पीक किती निघाले ते मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडाही, भरलेली गाडी काट्यावर तोलून जुळवल्याशिवाय विश्वासार्ह धरत नाहीत. निर्बंधित कीटकनाशके वापरण्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची तयारीही अनेक ठिकाणी करून घेतात.

उपयोजित विज्ञानाची असोसिएट पदवी मुख्यतः थेट नोकरीसाठी किंवा घरच्या शेतीसाठी असते. चार वर्षांच्या पदवीकडे वळल्यास तिचे सर्व श्रेयांक धरले जातीलच असे नाही. ते दोन संस्थांमधील करारावर अवलंबून असते. पुढे शिकायचे असेल तर विज्ञानाची असोसिएट पदवी सोयीची.

मूलनिवासी जमातींच्या महाविद्यालयांना १९९४ मध्ये मॉरिल परंपरेतील संस्थांचा दर्जा मिळाला. नॅव्हाहो जमातीने १९६८ मध्ये स्थापन केलेले, आज डिने कॉलेज या नावाने ओळखले जाणारे महाविद्यालय त्यांपैकी एक.