आपले जर्मन शेफर्ड पिल्लू प्रमाणित उंची गाठेल का?

आमच्या केनेलमधून (श्वानपालन केंद्रातून) पिल्लू घरी नेल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बहुतेक ग्राहकांना एकच शंका येते: पिल्लू वयाच्या मानाने लहान दिसते, ते जातीच्या मापात बसेल ना? फोनवर एका वाक्यात या शंकेचे समाधान होत नाही, म्हणून हे माहितीपत्रक दिले आहे. यातील आकडे जर्मन शेफर्डचे आहेत, ते अन्य जातींना लावू नयेत.

प्रमाणित माप

केनेल क्लब ऑफ इंडिया ही श्वाननोंदणी करणारी संस्था एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेशी संलग्न आहे आणि एफसीआयच्या मानकानुसार जर्मन शेफर्ड नराची उंची ६० ते ६५ सेंटिमीटर व वजन ३० ते ४० किलो, तर मादीची उंची ५५ ते ६० सेंटिमीटर व वजन २२ ते ३२ किलो असावे लागते. या मर्यादेपेक्षा एक सेंटिमीटरहून अधिक फरक असल्यास कुत्रा श्वानप्रदर्शनात अपात्र ठरतो, मग तो फरक कमी उंचीचा असो वा जास्त उंचीचा. म्हणजेच ५८ सेंटिमीटरचा नर जसा अपात्र, तसाच ६७ सेंटिमीटरचाही. जितका मोठा तितका अस्सल, ही समजूत मानकाला धरून नाही. शिवाय हे आकडे पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचे आहेत. चार किंवा सहा महिन्यांच्या पिल्लाची उंची किती असावी, हे मानकात कोठेही दिलेले नाही.

अंदाज कशावरून बांधावा

सर्वांत भरवशाचा आधार आई-वडिलांचा. पिल्लू ठरवताना दोघांची प्रत्यक्ष मोजलेली उंची विचारावी आणि शक्य असल्यास त्याच जोडीच्या आधीच्या वेतातील, आता मोठी झालेली भावंडे पाहावीत. उंची अनेक जनुकांवर अवलंबून असल्यामुळे एकाच वेतातील दोन नरांमध्येही दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. नोंदणीचे प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सर्वजण ‘पेपर्स’ म्हणतात ते, वंशावळ सांगते, उंचीची ग्वाही देत नाही.

पंजे मोठे आहेत म्हणून कुत्रा मोठा होईल, हा अंदाज फारसा विश्वासार्ह नाही. जाड हाडांचे पिल्लू या अर्थाने जाहिरातींत आढळणारा ‘डबल बोन’ हा शब्द तर मानकात नाहीच; तो विक्रेत्यांचा शब्द आहे आणि त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरा आधार वाढीच्या रेषेचा. पिल्लाचे एका दिवशीचे वजन फारसे काही सांगत नाही, परंतु दर पंधरवड्याला केलेल्या वजनांची रेषा बरेच सांगते. वॉल्थॅम या पाळीव प्राण्यांवरील संशोधन संस्थेने नर आणि मादी यांच्यासाठी स्वतंत्र वाढ-तक्ते तयार केले असून ते १२ आठवड्यांपासून दोन वर्षांपर्यंतचे आहेत. त्यांत पिल्लू वरच्या रेषेवर आहे की खालच्या, यापेक्षा ते स्वतःच्या रेषेला धरून चालले आहे का, हे पाहायचे असते. खालच्या रेषेवर सातत्याने वाढणारे पिल्लू बहुधा निरोगी असते, तर रेषा ओलांडून सतत खाली घसरणारे पिल्लू डॉक्टरांना दाखवावे. मोठ्या जातींत प्रौढ वजनाच्या सुमारे निम्मे वजन साधारण पाचव्या महिन्याच्या आसपास होते. उंचीची बहुतांश वाढ नऊ-दहा महिन्यांपर्यंत होते, वर्षानंतर ती अगदी थोडी उरते, आणि छाती व स्नायू मात्र दोन वर्षांपर्यंत भरत राहतात. त्यामुळे वर्षाचा नर उंच पण शिडशिडीत दिसला तर त्यात चिंतेचे कारण नाही.

उंची मोजताना

उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत. मान संपून पाठ सुरू होते तेथे खांद्याचा जो सर्वांत वरचा बिंदू असतो, ज्याला विदर्स म्हणतात, तेथून जमिनीपर्यंतचे सरळ उभे अंतर घ्यावे. पिल्लाला सपाट पण पाय न घसरणाऱ्या जागी भिंतीलगत चौपायी सरळ उभे करावे, खांद्यावर सुताराचा गुण्या किंवा ताठ पट्टी आडवी धरावी आणि भिंतीवर खूण करावी. शिवणाची टेप अंगाच्या वळणावरून खाली आणल्यास माप जास्त भरते.

आहार

अधिक खाऊ घालून आनुवंशिक उंची वाढत नाही; वाढीचा वेग आणि चरबी मात्र वाढते, व मोठ्या जातींत त्याचा भार कोवळ्या सांध्यांवर पडतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ४८ लॅब्राडोर कुत्र्यांच्या दीर्घ अभ्यासात आठ आठवड्यांच्या वयापासून २५ टक्के कमी आहार मिळालेले कुत्रे सरासरी जवळजवळ दोन वर्षे अधिक जगले आणि त्यांच्यात सांध्यांचे विकारही उशिरा दिसले. बरगड्या हाताला सहज लागाव्यात आणि वरून पाहता कंबर दिसावी, इतपत पिल्लू सडपातळ ठेवावे.

कॅल्शियमच्या सिरपबाबत सावध राहावे, असा आमचा विशेष आग्रह आहे. लहान वयात पिल्लाचे आतडे जादा कॅल्शियम पुरेसे रोखू शकत नाही आणि त्यामुळे हाडांची घडण बिघडू शकते. ‘लार्ज ब्रीड पपी’ प्रकारचे पूर्ण खाद्य देत असल्यास वर सिरप देऊ नये. घरचे चिकन-भात किंवा दूध-पोळी हाच मुख्य आहार असल्यास गोष्ट वेगळी, कारण मांस आणि भात यांत कॅल्शियम फारच कमी असते. अशा वेळी मात्रा पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

वाढ खुंटण्याचे नेहमीचे कारण जंत असते. पोट फुगलेले, केस निस्तेज आणि अंग बारीक असेल तर प्रथम शौचाची तपासणी करावी. क्वचित जर्मन शेफर्डमध्ये पिट्युटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या दोषामुळे येणारा बुटकेपणा आढळतो. दोन-तीन महिन्यांचे होताना असे पिल्लू भावंडांच्या मागे पडते आणि त्याची पिल्लूपणाची मऊ लोकर बदलत नाही. हा दोष दोन्ही पालक वाहक (दोषाचे जनुक अंगी असलेले) असतील तरच दिसतो आणि त्यासाठी जनुकीय चाचणी उपलब्ध आहे. नसबंदी खूप लवकर केल्यास हाडांच्या टोकांकडील वाढीची कूर्चा उशिरा बंद होते आणि पाय किंचित लांबतात, म्हणून मोठ्या जातीच्या कुत्र्याची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवावी.

आमची पद्धत

कायद्याप्रमाणे आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू आम्ही देत नाही. आई-वडिलांची मोजलेली उंची आम्ही लिहून देतो, पिल्लाच्या भावी उंचीची हमी मात्र देत नाही, आणि जो ती देतो त्याच्याकडे ग्राहकांनी जरा सावधपणे पाहावे. बारा आणि अठरा महिन्यांचे झाल्यावर कुत्र्याला मोजण्यासाठी आमच्याकडे विनामूल्य आणता येईल. लसीकरण पूर्ण न झालेले पिल्लू मात्र केनेलमध्ये आणू नये. त्याला कडेवर घेऊन घरच्या वजनकाट्यावर उभे राहावे, मग स्वतःचे वजन वजा करावे आणि तारखेसह तो आकडा आम्हाला कळवावा.