घाटावरची खारी टाकी

बेळगावात दातांचा दवाखाना काढायचा तर खुर्चीआधी माशांची टाकी येते, असं गमतीनं म्हटलं जातं. गोल्डफिश, गप्पी, एंजल सांभाळणारे हात इथे गल्लोगल्ली आहेत. त्यातल्याच एखाद्याला कधीतरी क्लाऊनफिश आणि हलणाऱ्या प्रवाळांचा व्हिडिओ दिसतो आणि घरात समुद्र आणायची हौस लागते. गोड्या पाण्याचा अनुभव मात्र तिथे निम्माच कामाला येतो, उरलेला निम्मा अंगाशी येतो. मासे मरतात ते बहुतेक पहिल्या महिन्या-दीड महिन्यात, आणि ते रोगानं कमी, पाण्याच्या रसायनानं जास्त मरतात.

पहिला मारेकरी अमोनिया. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडत असतो आणि उरलेलं खाणं कुजलं की त्यात भर पडते. जुन्या टाकीत दगडांवर, वाळूत, फिल्टरच्या स्पंजात जिवाणूंची वस्ती असते. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नव्या टाकीत ही वस्ती नसतेच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे टाकी सोमवारी भरली की रविवारी मासे सोडायचे असतात. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पहिले दोन-तीन दिवस ‘मस्त फिरूलालेत की!’ असे फोन होतात. चौथ्या-पाचव्या दिवशी मासे वरच्या थराला येऊन धापा टाकायला लागतात.

हाच उतावळेपणा गोड्या टाकीत पुष्कळदा खपून जातो, खाऱ्या टाकीत खपत नाही, आणि त्याचं कारण पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की किती अल्कधर्मी याचा आकडा. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो: एक अमोनियम, जवळजवळ निरुपद्रवी, दुसरा मुक्त अमोनिया, कल्ले जाळणारा. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. रीफ टाकीचा, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या टाकीचा, पीएच ८.२ च्या आसपास ठेवावा लागतो आणि तिथे हेच प्रमाण सहा ते आठ टक्क्यांवर जातं. म्हणजे टेस्ट किटवर दोन्ही टाक्यांत एकच रंग आला तरी खाऱ्या टाकीतल्या माशाला दहापटीहून जास्त विष मिळत असतं. नायट्राइटचं उलटं आहे. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड भरपूर असल्यामुळे नायट्राइट कल्ल्यांतून फारसं आत शिरत नाही, म्हणून गोड्या पाण्यात जीव घेणारा आकडा इथे तितका धोक्याचा नसतो.

जिवाणू बसवायला मासा लागत नाही. रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य कुजू द्या किंवा मोजून अमोनियम क्लोराइड घाला. घातलेला अमोनिया आणि त्यापासून झालेलं नायट्राइट दोन्ही एका दिवसात शून्यावर आले की टाकी तयार झाली. जिवाणू बसवायला (याला ‘सायकल’ म्हणतात) दोन डॅमसेल, म्हणजे छोटे खारे मासे, सोडा, मेले तर मेले, असा सल्ला अजूनही दिला जातो. मला तो क्रूर वाटतोच, शिवाय बिनकामाचा. डॅमसेल चिवट असतो, त्यामुळे बहुधा मरत नाही, आणि पुढे सगळी टाकी आपल्या बापाची समजून नव्या माशांना हाणतो.

दुसरी गोष्ट पिशवीची, आणि आपल्या भागात ती फार महत्त्वाची आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे खाऱ्या पाण्याचे मासे बहुतेक मुंबई किंवा चेन्नईहून येतात, म्हणजे ऑक्सिजन भरलेल्या बंद पिशवीत निदान एक रात्र. त्या रात्रभरात मासा श्वासातून कार्बन डायऑक्साइड आणि कल्ल्यांतून अमोनिया सोडत राहतो. कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा पीएच उतरतो आणि उतरलेल्या पीएचमध्ये अमोनिया निरुपद्रवी रूपात पडून राहतो. मासा स्वतःच्या घाणीत असतो, तरी सुरक्षित असतो. आता आपण पिशवी उघडतो. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी व्हायला लागतो. नेमकं त्याच वेळी आपण टाकीतलं पाणी थेंब थेंब सोडत दीड-दोन तास ‘सवय’ लावत बसतो. काळजी घेतल्याचं समाधान आपल्याला मिळतं, कल्ले मात्र माशाचे जळतात.

अशा वेळी बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवावं. मग उघडून लगेच खारेपण मोजावं आणि त्याच खारेपणाचं पाणी आधीच भरून ठेवलेल्या वेगळ्या टाकीत मासा जाळीनं सोडावा. पिशवीतलं पाणी मोरीत. तासाभराच्या अंतरावरच्या दुकानातून आणलेल्या जिवासाठी थेंब थेंब पद्धत ठीक आहे. कोळंबी, गोगलगाय, तारामासा यांना तर ती लागतेच.

या बिनकण्याच्या जिवांचं गणित वेगळं असतं. समुद्री माशाच्या रक्तातलं खारेपण समुद्राच्या साधारण एक तृतीयांश. तो खारं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो, म्हणून पाणी थोडं इकडेतिकडे झालं तरी तग धरतो. तारामाशाकडे अशी सोय नाही. बाहेरचं खारेपण तेच त्याच्या आतलं. ते झटकन बदललं की पेशी फुगतात नाहीतर आक्रसतात. टाकीत मासे ठणठणीत आणि तारामासा दोन दिवसांत विरघळायला लागला, तर आधी खारेपणाचा संशय घ्यावा.

समुद्राचं खारेपण म्हणजे लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार. स्वयंपाकघरातल्या मिठानं हे भागत नाही. समुद्रात सोडियम आणि क्लोराइडबरोबर सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असतं आणि प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तेव्हा रीफसाठी बनवलेलंच मीठ घ्यावं. त्याची किंमत ऐकली की चोर्ला घाट उतरून गोव्याहून कॅन भरून आणायची कल्पना सुचते. तीच जूनमध्ये सुचली तर पंचाईत. खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ समुद्राला मिळते. पावसाळ्यात तिचं गोडं पाणी मुखाशी पसरतं. म्हणजे पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर भरलेल्या कॅनमध्ये समुद्र कमी आणि उगमाकडच्या भीमगडच्या जंगलातला पाऊस जास्त, शिवाय वर गाळ.

आपल्या हवेचा खेळ एप्रिल-मे महिन्यांत सुरू होतो. दुपारी पारा पस्तिशीच्या वर. प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवालं उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एक-दोन अंशांची वाढ काही आठवडे टिकली तरी बाहेर फेकली जातात आणि प्रवाळ पांढरं पडतं. पाणी गार करणारं चिलर यंत्र महाग, म्हणून पाण्यावर पंखा लावतात. कोरड्या हवेत तो उत्तम चालतो, दोन-तीन अंश सहज उतरवतो, पण उतरवतो तो पाणी उडवून. मीठ उडत नाही. १०० लिटरच्या टाकीत साडेतीन किलो क्षार आहेत असं धरा. दहा लिटर पाणी उडालं की लिटरमागे ३५ चे ३९ ग्रॅम होतात. पातळी उतरलेली दिसते म्हणून नवखा माणूस खारं पाणीच भरतो. पातळी जागेवर येते, खारेपण ३८.५ वर राहतं. असं तीनदा झालं की आकडा पंचेचाळीसच्या वर. उडालेल्या पाण्याच्या जागी फक्त शुद्ध गोडं पाणी भरायचं असतं, तेही रोज थोडं थोडं. जूनमध्ये हवा दमट झाली की तोच पंखा नुसता फिरतो, गारवा देत नाही. तोवर बाहेरचा उकाडाही गेलेला असतो, हे आपलं नशीब. डिसेंबरात परत हीटर लागतोच.

पावसाळ्याची भीती वेगळी: लाईट. २५ अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच. हे आकडे समुद्रसपाटीचे. बेळगाव ७५० मीटरच्या आसपास, इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे त्यातलेही साधारण आठ टक्के जातात. हातात सव्वासहा मिलिग्रॅम उरतो, तोही पंप पाणी ढवळत असेल तर. झाड तारेवर पडून रात्रभर लाईट गेली की मासे, प्रवाळ आणि ते मेहनतीनं बसवलेले जिवाणू, सगळे त्याच ऑक्सिजनवर तुटून पडतात. बॅटरीवर चालणारा साधा एअर पंप कपाटात असू द्या. टाकीवरच्या भारी दिव्यांच्या आधी त्याचे पैसे काढावेत.

बोअरच्या पाण्याबद्दल थोडक्यात: ऊसपट्ट्यात त्यात खताचं नायट्रेट उतरलेलं असू शकतं, तेव्हा आरओ फिल्टर आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार शोषणारं डीआय रेझिन लागतं. घरच्या आरओमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळण्याची सोय असेल तर विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावून बघा. तांब्याचं मात्र पक्कं ध्यानात ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं. माशाला बरं करणारा तोच डोस कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ मारतो, आणि चुनखडीच्या दगडांत शिरलेलं तांबं पुढे हळूहळू सुटत राहतं. औषध वेगळ्या टाकीतच.

काही जीव नव्या टाकीत जगूच शकत नाहीत. मँडरिन मासा दिसायला देखणा, पण तो दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड, म्हणजे अगदी बारीक कवचधारी जीव, टिपत फिरतो. नव्या टाकीत ते नसतात आणि सुकं खाद्य तो सहसा तोंडात धरत नाही, म्हणून काही आठवड्यांत पोट खपाटीला जाऊन मरतो. ॲनिमोनलाही, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री जिवालाही, जुनी, स्थिरावलेली टाकी लागते. समुद्री घोडा आणि दगडी प्रवाळ यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून संरक्षण आहे. मालवण-गोव्याला पोहायला गेल्यावर खडकावरच्या प्रवाळाचा तुकडा खिशात घालणं हा गुन्हा ठरतो.

पहिला मासा म्हणून टाकीतच जन्मलेली क्लाऊनफिशची जोडी घ्यावी. दुकानात पैसे द्यायच्या आधी, “जरा खायला घालून दाखवा की ओ,” म्हणावं. खाद्य पडल्या पडल्या जो पुढे येत नाही, तो मासा तिथेच राहू द्यावा.