सालीपासून पेक्टिन: पीएमएफएमई अनुदानाचा अर्ज करण्यापूर्वी

संत्रा, मोसंबी किंवा लिंबाच्या सालीतून पेक्टिन (जॅम-जेली घट्ट करणारा पदार्थ) काढण्याचा छोटा उद्योग टाकायचा असेल, तर प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेतून (पीएमएफएमई) पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळू शकते. ते बँक कर्जाशी जोडलेले आहे. कर्ज मंजूर झाले नाही तर अनुदानही नाही. योजना २०२०-२१ पासून पाच वर्षांची होती, पुढे २०२५-२६ पर्यंत वाढली. त्यामुळे योजनेच्या पोर्टलवर अर्ज घेणे सुरू आहे का, ते आधी पाहा.

अर्जदाराचे वय १८ पूर्ण हवे, एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो आणि किमान १० टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी, सहकारी संस्था यांनाही दार उघडे आहे. जागेची किंमत प्रकल्पखर्चात धरत नाहीत.

कागदपत्रे नेहमीचीच: आधार, पॅन, बँकेचे विवरण, वीजबिल, जागेचा सातबारा किंवा भाडेकरार, यंत्रांची कोटेशन्स आणि प्रकल्प अहवाल. अर्ज भरायला जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करते. तिचे मानधन सरकार देते, तुम्ही काही द्यायचे नाही.

खरी कसोटी प्रकल्प अहवालाची. ताजी साल लगेच उकळत्या पाण्यातून काढली नाही, तर तिच्यातली विकरेच (एन्झाइम) पेक्टिनची प्रत घालवतात. पुढे सौम्य आम्लात ८०-९० अंशांवर तापवणे, गाळणे आणि मग अल्कोहोल घालून पेक्टिन खाली बसवणे. अडते ते इथेच. अल्कोहोल परत मिळवणारे यंत्र अहवालात नसेल तर हिशोब कधीच जुळत नाही, आणि बँकेचा अधिकारी नेमके तेच विचारतो. इथेनॉल वापरणार असाल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागेल. आम्लयुक्त सांडपाण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. ताज्या सालीतून हाती लागते ते वजनाच्या जेमतेम तीनेक टक्के, हे आकडे फुगवू नका.

माझे मत विचाराल तर नुसते पेक्टिन दाखवण्यापेक्षा रस किंवा मार्मालेडच्या (सालीसकट केलेल्या जॅमच्या) युनिटला ते जोडून दाखवा. साल तिथेच मिळते.

एफएसएसएआयकडे (देशाची अन्नसुरक्षा नियामक संस्था) नोंदणी हवी की परवाना, ते उत्पादन आणि उलाढालीवर ठरते. पेक्टिन हा अन्नात मिसळायचा पदार्थ (फूड ॲडिटिव्ह) आहे, अशा पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा क्रमांक आयएनएस ४४०. आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्यात गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल (पेक्टिनचा मुख्य घटक) किमान ६५ टक्के हवे आणि उरलेले अल्कोहोल एक टक्क्याच्या आत. म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल विक्रीच्या वेळी नव्हे, नमुना तयार होताच करून घ्या.

मंजुरीनंतर अनुदान रोख हातात येत नाही. ते कर्ज देणाऱ्या शाखेत वेगळ्या खात्यात तीन वर्षे राहते आणि हप्ते नियमित असतील, युनिट चालू असेल, तरच कर्जात वळते होते.