दिवाळीतील किल्ला (मुंबई)

माती, दगड, विटा, गोणपाट आणि टाकाऊ वस्तू वापरून दिवाळीच्या सुमारास मुलांनी मिळून उभारलेली डोंगरी किल्ल्याची प्रतिकृती. प्रथा महाराष्ट्रात बऱ्याच भागांत आहे. मुंबईत गिरगाव, दादर, लालबाग-परळ येथील चाळींच्या आवारांत आणि उपनगरांतील सोसायट्यांत असे किल्ले दिसतात.

उगमाविषयी एकमत नाही. शिवकाळापासून मुले किल्ले करीत आली, ही लोकसमजूत सर्वाधिक रूढ आहे. दुसऱ्या मतानुसार प्रथेचे आजचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील शिवस्मरणाच्या लाटेशी जोडावे लागते. जोतीराव फुले यांचा शिवाजी महाराजांवरील पोवाडा १८६९ चा, तर टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर शिवोत्सव भरला तो १८९६ मध्ये. माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज आणि उतारावर मावळे ही ठरलेली मांडणी स्मरणातून घडलेली वाटते, त्यामुळे हे मत अधिक ग्राह्य ठरते. मात्र दिवाळीत दारापुढे काही घडवण्याची रीत त्याहून जुनी असावी. देशावर वसुबारसेपासून शेणाच्या गवळणी मांडतात, तर बलिप्रतिपदेला अनेक ठिकाणी शेणाचा गोवर्धन करतात. किल्ल्याची मूळ बैठक या रीतींत शोधणे अवाजवी नाही.

रचनेत गोणपाटाला सर्वाधिक महत्त्व आहे. आधी विटा, दगड, फुटकी कौले रचून उंचवटा करतात. चाळलेल्या लाल मातीचा पातळ राडा घमेल्यात कालवून त्यात तागाचे गोणपाट बुडवतात आणि निथळू न देता उंचवट्यावर पसरतात. बोटांनी चिमटे घेत पाडलेल्या घड्या सुकल्यावर कड्यांसारख्या ताठ राहतात. प्लॅस्टिकच्या गोणीवर माती धरत नाही, ती घसरते. ओल असतानाच अळीव किंवा मोहरी पेरतात. तीन-चार दिवसांत कोंब येतात, म्हणून पेरणी वसुबारसेच्या आधी उरकावी लागते. पाणी ओतले तर बी वाहून जाते, हाताने शिंपडावे. बुरुजांना डबे, दरवाजाला आगपेट्या, पायऱ्यांना पुठ्ठा, तळ्याला फुटका आरसा, कारंज्याला सलाईनची नळी असे साहित्य घराघरांतून गोळा होते. जाणती मुले राजगडाच्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या (बालेकिल्ल्याखालचे तटबंद सपाट भाग) वेगळ्या दाखवतात. असा किल्ला पाहणे हा भूगोलाचा उत्तम धडा आहे.

मुंबईत खरी अडचण मातीची. आवारात फरश्या किंवा काँक्रीट आल्यापासून ती रोपवाटिकेतून विकत आणावी लागते, नाहीतर कुंड्या रिकाम्या कराव्या लागतात. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी १९२० च्या दशकातल्या. तेथील एका खोलीच्या घरांत किल्ल्याला जागा कुठली. तो खाली सामाईक आवारातच व्हायचा, आणि त्यामुळेच तो एका घराचा न राहता सगळ्या चाळीचा होई. बाजारात प्लास्टरचे तयार किल्लेही मिळतात. त्यांत हात मातीत जात नाहीत, हा तोटा मोठा आहे.

स्पर्धांमुळे अलीकडे आकार वाढले असून काही ठिकाणी दिवे व ध्वनिमुद्रित माहितीचीही जोड असते. मूळ गडांपैकी रायगड, राजगड, प्रतापगड यांसह बारा किल्ल्यांचा २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

भाऊबीजेनंतर, कुठे तुळशीच्या लग्नानंतर, किल्ला मोडतात. विटा जिन्याखाली जातात, माती पुन्हा कुंड्यांत.